धाकटा भाऊ अग्निवीर झाला: पगाराची स्लिप कशी वाचायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून भरती झाला, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले, कसम परेडला (प्रशिक्षणानंतरच्या शपथविधीला) आम्ही घरचे सगळे जाऊन आलो आणि दोन महिन्यांपूर्वी तो आपल्या पलटणीत रुजू झाला. आमच्या घरातून फौजेत गेलेला तो पहिलाच. सातारा जिल्ह्यातल्या इतर अनेक गावांप्रमाणे आमच्या गावातही फौजी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही, आणि आमची अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. एक काका म्हणतात की पगार 30 हजार असतो. दुसरे म्हणतात की महागाई भत्ता धरून तो 40 हजारांच्या पुढे जातो. तिसऱ्यांनी आईला सांगून ठेवले आहे की चार वर्षांनी पोरगा 12 लाख रुपये घेऊन घरी येणार. प्रत्यक्षात गेल्या महिन्यात पगार झाल्यावर त्याच्या खात्यात दिसले ते 19 हजार आणि काही शे रुपये. आईला वाटते की पोरगा काहीतरी लपवतो आहे, वडिलांना वाटते की मधल्यामध्ये कुणीतरी कापून घेते आहे, आणि भाऊ फोनवर एवढेच म्हणतो की "बाबू लोकांना विचारायची लाज वाटते." त्याने स्लिपचा फोटो पाठवला आहे, पण त्यातल्या निम्म्या नोंदी संक्षेपाक्षरांत असल्यामुळे मला काही उलगडा झाला नाही. फोटो इथे टाकला तर कुणी समजावून सांगू शकेल का?

जुना लेखनिक

फोटो कृपया टाकू नका. त्या कागदावर सैन्य क्रमांक, पॅन, बँक खाते आणि पलटणीचे नाव असे सगळे एकत्र असते, आणि फसवणूक करणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. मी लेखनिक म्हणून 24 वर्षे नोकरी करून हवालदार या हुद्द्यावरून निवृत्त झालो असून त्यातला बराचसा काळ कंपनी आणि बटालियनच्या कार्यालयातच गेला, त्यामुळे स्लिप न पाहताही बरेच सांगता येईल.

तुमच्या तिन्ही काकांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या मुलाला नेहमीच्या अर्थाने वेतनश्रेणी नसते, तर ठरलेली मासिक रक्कम असते. पहिल्या वर्षी ती 30,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000 असते. यातला 70 टक्के भाग हातात येतो आणि 30 टक्के भाग अग्निवीर कॉर्पस फंडात वळता होतो. तुमचा भाऊ पहिल्या वर्षात असल्यामुळे त्याचे 9,000 रुपये दरमहा फंडात जातात आणि 21,000 हातात येतात. पहिले काका जे 30 हजार म्हणतात, ते हे. दुसरे काका 2022 पूर्वी भरती झालेल्या कायम जवानाचा हिशेब सांगत आहेत, ज्यात महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो. अग्निवीराला हे दोन्ही मिळत नाहीत. तिसरे काका सेवा निधीबद्दल, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या एकरकमी रकमेबद्दल बोलत आहेत, त्याचे पुढे सांगतो.

आता तुमच्या 19 हजारांबद्दल. भावाला एवढेच विचारा की पासबुकातल्या "जमा" या रकान्यात किती रक्कम दिसते. तुम्ही सांगितलेला आकडा मला "शिल्लक" या रकान्यातला वाटतो. जवानाच्या घरी मी हा घोटाळा अनेकदा पाहिला आहे.

शंकेखोर

जुना लेखनिक, आपण सरळ लिहिता म्हणून विचारतो. 12 लाख म्हणून गावोगावी जो आकडा फिरतो, तो सरकार देते की मुलाचेच पैसे त्याला परत मिळतात? आमच्या तालुक्यात एका मुलाच्या वडिलांनी त्या आकड्याच्या भरवशावर आतापासूनच घराचा पाया घातला आहे.

जुना लेखनिक

निम्मे मुलाचे आणि निम्मे सरकारचे, वर व्याज. हिशेब वहीत मांडून पाहा. पहिल्या वर्षी 9,000 गुणिले 12 म्हणजे 1,08,000 रुपये. दुसऱ्या वर्षी महिना 9,900 प्रमाणे 1,18,800, तिसऱ्या वर्षी महिना 10,950 प्रमाणे 1,31,400 आणि चौथ्या वर्षी महिना 12,000 प्रमाणे 1,44,000. चारही वर्षांची बेरीज 5,02,200 रुपये होते. सरकार तेवढीच रक्कम घालते, म्हणजे 10,04,400 रुपये झाले, आणि व्याज धरून योजना जाहीर होताना सुमारे 11.71 लाख हा आकडा सांगितला गेला. गावात त्याचे 12 लाख झाले. या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही.

एक गंमत सांगतो, जी मुलांच्या लक्षात सहसा येत नाही. चार वर्षांत अग्निवीराच्या हातात जी मासिक रक्कम येते, तिची बेरीज केली तर तीही साधारण 11.7 लाखच भरते. म्हणजे चार वर्षांची अर्धी कमाई महिन्याच्या महिन्याला येते आणि अर्धी शेवटी एकदम येते. घरच्यांनी पहिल्या अर्ध्या भागातून काय शिल्लक पडते ते पाहावे आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर आज कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराचा पाया घालणाऱ्या गृहस्थांना हेही सांगा की जो मुलगा कायम सेवेत निवडला जाईल (जास्तीत जास्त 25 टक्के मुले निवडली जातील, असे योजनेत म्हटले आहे), त्याला सेवा निधीत फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचे व्याज मिळते, सरकारचा वाटा मिळत नाही. त्याला पुढे कायम जवानाचा पगार आणि लाभ मिळणार असतात, म्हणून तशी तरतूद आहे. स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सोडण्याची परवानगी अपवादात्मक परिस्थितीतच मिळते, आणि तेव्हाही हाती येतो तो केवळ स्वतःचा वाटा.

उपदान (ग्रॅच्युइटी), निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकाचा दर्जा हे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला मिळत नाहीत. योजना चांगली की वाईट, हा वाद इथे नको. त्यासाठी दुसरे धागे पुष्कळ आहेत.

सहचरी

माझे यजमान नाईक या हुद्द्यावर आहेत आणि 2014 साली भरती झाले आहेत. कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या काकांनी सांगितलेला हिशेब नेमका कसा होतो, ते कुणी नीट मांडाल का? लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी मला अजून "बेसिक" आणि "हातात" यांच्या मधला पूल कळलेला नाही.

जुना लेखनिक

ताई, शिपायाच्या पहिल्या पायरीवरून मांडतो, म्हणजे सर्वांनाच उपयोग होईल. सातव्या वेतन आयोगानुसार 1 जानेवारी 2016 पासून शिपायाचे मूळ वेतन लेव्हल 3 मध्ये 21,700 रुपयांपासून सुरू होते. नाईक लेव्हल 4 मध्ये 25,500 पासून आणि हवालदार लेव्हल 5 मध्ये 29,200 पासून. दरवर्षी साधारण तीन टक्क्यांची वाढ मिळून मूळ वेतन त्या रकान्यात एक घर खाली सरकते, उदाहरणार्थ 21,700 नंतर 22,400. मूळ वेतनात मिलिटरी सर्व्हिस पे मिळवायचा, जो जवान आणि जेसीओ (जवान व अधिकारी यांच्यामधले हुद्दे, जसे सुभेदार) यांना सरसकट 5,200 रुपये आहे. ही झाली 26,900 रुपयांची बेरीज. महागाई भत्ता या संपूर्ण बेरजेवर मिळतो. जुलै 2025 पासून तो 58 टक्के होता, त्या दराने 15,602 रुपये होतात आणि एकूण 42,502 रुपये भरतात. तांत्रिक पदविका असलेल्या किंवा एक्स गटातल्या (तांत्रिक कामाच्या) जवानाला त्याव्यतिरिक्त एक्स ग्रुप पे मिळतो.

घरभाडे भत्त्याचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. तो केवळ मूळ वेतनावर मिळतो, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे धरत नाहीत. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून शहरांच्या तीन वर्गांसाठी त्याचे दर 30, 20 आणि 10 टक्के झाले आहेत. मुंबई आणि पुणे वरच्या वर्गात येतात, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर ही शहरे मधल्या वर्गात, आणि आपली बहुतेक गावे शेवटच्या वर्गात. सरकारी क्वार्टर मिळाले असेल, तर अर्थातच भत्ता मिळत नाही.

कपातीच्या बाजूला दोन मोठ्या नोंदी दिसतात. पहिली भविष्यनिर्वाह निधीची, जवानांच्या स्लिपवर ती एएफपीपी फंड या नावाने येते. किमान 6 टक्के वर्गणी भरावीच लागते, इच्छा असेल तर अधिक भरता येते, आणि एप्रिल 2020 पासून व्याज 7.1 टक्के आहे. दुसरी आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाची. तिच्यातला काही भाग विम्यासाठी खर्च होतो आणि उरलेला भाग साठून निवृत्तीच्या वेळी बोनससह परत मिळतो. नवी मुले या कपातीवर कुरकुर करतात. मीही केली होती.

सहचरी

आभारी आहे, आज पूल दिसला. आता माझा अनुभव सांगते, कारण कृष्णाकाठ यांच्या घरी पुढे लग्नकार्य आणि मुलेबाळे होतीलच. मुलांच्या शिक्षण भत्त्याची रक्कम दोन अपत्यांपर्यंत प्रत्येकी महिना 2,250 रुपये होती, ती जानेवारी 2024 पासून 2,812 रुपये 50 पैसे झाली आहे, आणि वर्ष संपल्यावर शाळेचा दाखला जोडून एकदम मागायची असते. आमच्या थोरल्या मुलाच्या पहिलीच्या वर्षाचा अर्ज आम्ही वेळेत दिला, शाळेचा शिक्का होता, मुख्याध्यापकांची सही होती, आणि तरीही रक्कम आली नाही. चार महिन्यांनी कळले की मुलाच्या जन्माची नोंद कार्यालयात झाली तेव्हा त्याचे नाव एका स्पेलिंगने चढले होते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या स्पेलिंगने होते. एका अक्षराचा फरक. ती दुरुस्ती होईपर्यंत यजमानांची बदली झाली, जुन्या कार्यालयाने सांगितले की आता नव्या कार्यालयाला विचारा, आणि नव्या कार्यालयाने सांगितले की मूळ कागद जुन्यांकडे आहेत. संपूर्ण एक वर्ष यात गेले. पैसे अखेर मिळाले, पण तोपर्यंत धाकटी बालवाडीत गेली होती.

जुना लेखनिक

ताईंनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. या धाग्यातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे मात्र लक्षात ठेवा.

जवानाचा पगार त्याची पलटण ठरवत नाही. प्रत्येक रेजिमेंटच्या सेंटरला जोडलेले एक वेतन लेखा कार्यालय असते, ज्याला सगळे पीएओ म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे. भाऊ सिक्कीममध्ये असो वा राजस्थानात, त्याचे खाते तिथेच चालते. त्या कार्यालयात बसलेल्या माणसाने तुमच्या भावाला कधी पाहिलेले नसते. भाऊ बर्फात उभा आहे, त्याचे लग्न झाले आहे, त्याला मुलगा झाला आहे किंवा तो सुट्टीवर गेला आहे, यांपैकी काहीही त्याला आपोआप कळत नाही. त्याला कळते ते पलटणीने प्रसिद्ध केलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे जवानाच्या अशा बदलांच्या अधिकृत नोंदीवरून, आणि ती ऑर्डर ज्या तारखेची आणि ज्या शब्दांत निघेल, तेवढेच पैसे पुढे सरकतात. आमच्या कार्यालयीन भाषेत अशा प्रत्येक नोंदीला "कॅज्युअल्टी" म्हणतात, एरवी या शब्दाचा अर्थ हताहत असा होतो. एका नव्या जवानाला मी म्हटले होते की तुझ्या लग्नाची कॅज्युअल्टी अजून निघालेली नाही, तेव्हा तो बिचारा पांढराफटक पडला होता.

जवानाचे खाते ही वर्षानुवर्षे चालणारी खातेवही असते. एका बाजूला देय रक्कम चढते, दुसऱ्या बाजूला दिलेली रक्कम आणि कपात चढते. जास्त दिले गेले की खाते डेबिट बॅलन्समध्ये जाते आणि पुढच्या पगारातून वसुली होते. हे सर्वाधिक घडते ते फिल्डमधून (सीमेवरच्या किंवा खडतर भागातून) पीसमध्ये (शांततेच्या ठिकाणी) बदली झाल्यावर. समजा, एखादा जवान उंचावरच्या चौकीवर होता आणि त्याला जोखीम व खडतरपणाचा भत्ता सुरू होता. तो मार्च महिन्यात खाली आला, पण भत्ता बंद करणारी पार्ट टू ऑर्डर जूनमध्ये निघाली. मधले तीन महिने भत्ता येत राहिला आणि त्याने तो खर्चही केला. मग जुलैच्या स्लिपवर एक मोठी वजाबाकी दिसते आणि घरी रडारड सुरू होते. त्या महिन्यात मला सर्वाधिक फोन बायकांचे येत असत, जवानांचे नव्हे.

हा भत्ता किती असतो, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सियाचीनसाठी 2017 मध्ये जवान व जेसीओ यांना महिना 30,000 आणि अधिकाऱ्यांना 42,500 रुपये असा दर ठरला, आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की जोखमीचे भत्ते 25 टक्क्यांनी वाढावेत, असा नियम आहे. इतर भागांचे दर जोखीम आणि खडतरपणा यांच्या तक्त्यावरून ठरतात आणि ते याहून बरेच कमी असतात. अग्निवीरालाही जोखमीचा भत्ता, रेशन, गणवेश आणि प्रवास या गोष्टी लागू होतात. म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या भावाची पलटण उद्या फिल्डमध्ये गेली, तर त्याच्या खात्यात 21,000 पेक्षा अधिक रक्कम दिसेल. ती कायमची वाढ आहे असे समजून गाडीचा हप्ता बांधून घेऊ नये.

मास्तर

माझा मुलगा नुकताच लेफ्टनंट झाला आहे. वरची चर्चा वाचून मला जाणवले की अधिकाऱ्यांचे बहुतेक गणित असेच आहे, फक्त आकडे आणि कार्यालय वेगळे. लेव्हल 10 मध्ये मूळ वेतन 56,100 रुपये, मिलिटरी सर्व्हिस पे 15,500 रुपये, आणि 58 टक्के दराने महागाई भत्ता 41,528 रुपये. डेहराडूनच्या अकादमीत प्रशिक्षण सुरू असताना त्याला 56,100 रुपये विद्यावेतन मिळत होते. थलसेनेच्या सगळ्या अधिकाऱ्यांची खाती पुण्यातल्या पीसीडीए (ओ) या कार्यालयात असतात, म्हणजे मुलगा ईशान्येत असला तरी त्याचा हिशेब आमच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर होतो. याचा आम्हाला काहीही उपयोग नाही, तरी ऐकून बरे वाटते. एक विचारायचे होते: आठव्या वेतन आयोगाबद्दल मुलगा आतापासूनच थकबाकीचे हिशेब करू लागला आहे, ते योग्य आहे का?

जुना लेखनिक

मास्तर, अभिनंदन. आयोगाची घोषणा जानेवारी 2025 मध्ये झाली, ऑक्टोबर 2025 मध्ये कार्यकक्षेला मंजुरी मिळाली, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्याकडे अध्यक्षपद आहे आणि अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. सातव्या आयोगाने जुन्या वेतनाला 2.57 चा गुणक लावला होता, म्हणून यावेळी किती लावणार याचे आकडे मोबाइलवर रोज फिरत असतात. अहवाल येईपर्यंत ते सगळे करमणूक म्हणून वाचावे. चिरंजीवांना सांगा की डीएसओपी फंडातली (अधिकाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतली) वर्गणी किमान दरावर न ठेवता आताच वाढवावी, कारण पहिल्या पगारापासून हातात न आलेल्या पैशाची सवय लागत नाही.

शंकेखोर

विमा आणि नुकसानभरपाईबद्दलही लिहावे. बोलायला अवघड विषय आहे, पण घरच्यांना माहीत असलेच पाहिजे.

जुना लेखनिक

खरे आहे. अग्निवीराला 48 लाख रुपयांचे विमा संरक्षण असते आणि त्यासाठी त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू झाला, तर विम्याशिवाय 44 लाख रुपये सानुग्रह अनुदान, उरलेल्या कालावधीचे संपूर्ण वेतन आणि साठलेला सेवा निधी कुटुंबाला मिळतो. कारण सेवेशी संबंधित नसेल, तर विमा आणि साठलेला निधी मिळतो. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी 100, 75 आणि 50 टक्के या तीन टप्प्यांवर अनुक्रमे 44, 25 आणि 15 लाख रुपयांची तरतूद आहे. कायम जवानाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र इथे नाही.

हे सगळे ज्याच्या नावाने मिळायचे, ते नाव कागदावर बरोबर असावे लागते. भरतीच्या वेळी नातेवाइकांची जी नोंद होते, तिला किंड्रेड रोल म्हणतात, आणि नामनिर्देशन वेगळे भरले जाते. आपल्याकडे आईचे नाव शाळेच्या दाखल्यावर शालन, आधारवर शालाबाई आणि बँकेत शालिनी असे सर्रास असते. मुलगा सुखरूप असताना ही दुरुस्ती एका प्रतिज्ञापत्राने होते. नंतर तीच कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते.

बाकी सवलतींचे थोडक्यात सांगतो. रेशन आणि निवास पलटणीत असतो. आजारपणात एमएचमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, उपचार होतात. कँटीनचे कार्ड सेवेत असेपर्यंत चालते, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फ्रिजसाठी नसते. सुट्टीत घरी येण्यासाठी रेल्वेचे वॉरंट (सरकारी खर्चाने प्रवासाचे पत्र) मिळते. कायम जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा असते, अग्निवीराला 30 दिवस, आणि आजारपणाची रजा वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशी तासभर बोललो आणि जुना लेखनिक यांनी सांगितल्याप्रमाणे पासबुकाचे पान मागवून "जमा" हा रकाना पाहिला. पगार पूर्ण 21,000 रुपये जमा झाला आहे, कुणीही काही कापलेले नाही. त्यानंतर तीन दिवसांनी खात्यातून 1,499 रुपये आपोआप गेले आहेत. खोदून विचारल्यावर कळले की खाते उघडताना एका माणसाने "हे फौजींसाठी आवश्यकच असते" असे सांगून त्याच्या काही सह्या घेतल्या होत्या, आणि ती एका खासगी विमा कंपनीची दरमहा हप्त्याची पॉलिसी निघाली. भावाला वाटत होते की ती कपात फौजेचीच आहे, म्हणून तो बाबूंना विचारायलाही लाजत होता. आईला हे सांगितल्यावर तिने आधी त्याच्यावर घेतलेला संशय मागे घेतला आणि मग मलाच सुनावले की तू पासबुक आधी का पाहिले नाहीस. आता यावर काय करता येईल?

जुना लेखनिक

पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. पहिला हप्ता नुकताच गेला आहे, म्हणजे मुदत शिल्लक असावी. भावाने कंपनीला लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि बँकेला आपोआप कपातीचा आदेश रद्द करण्यास वेगळा अर्ज द्यावा, कारण एक अर्ज केला की दुसरे काम आपोआप होईल असे समजणे चूक ठरते. कुणी फोन करून ओटीपी मागितला, तर तो देऊ नये. पगाराची स्लिप त्याने यापुढे दरमहा स्वतः उघडून पाहावी. फौजेचे हमराज हे अ‍ॅप जवानांच्या स्लिपसाठीच आहे. आणि बाबूंना विचारायला लाज वाटते म्हणतो ना, त्याला माझा निरोप द्या: दुपारी जेवणानंतर, पलटणीच्या कार्यालयात गर्दी नसते तेव्हा जावे, नमस्कार करावा आणि "सर, माझी पार्ट टू ऑर्डर निघाली का" असे विचारावे. ज्या जवानाला हा प्रश्न विचारता येतो, त्याचे काम आम्ही आधी काढत असू.

तुमच्या आईंचे नाव सगळ्या कागदांवर सारखे आहे का, ते मात्र तुम्ही अजून लिहिलेले नाही.

कृष्णाकाठ

आत्ताच पेटी उघडून पाहिले. आधार कार्डावर आणि भावाच्या दहावीच्या दाखल्यावर वेगवेगळे आहे. सोमवारी तहसीलला जातो.